बी-सत्तावीस, कोणती कॉलनी?

नंदिनी रामटेकेला काळजी करायला कारण लागत नसे. उलट कारण नसलं की तिला जास्त धास्ती वाटायची, की आज सगळं ठीक कसं काय? हुडकेश्वरच्या घरातून ऑफिसला निघताना ती गॅसचं बटण बघायची, कुलूप लावल्यावर ते ओढून बघायची, आणि स्कूटर चौकापर्यंत पोचली की शंका येऊन पुन्हा घराकडे वळवायची. नवरा जितेंद्र तिला 'चिंतामणी' म्हणायचा. माहेरी तर कोणी काही बोलायचं बाकी ठेवलंच नव्हतं. आई सिंधूताई म्हणायची, "हे पोट्टी पाळण्यातूनच वर छताकडे पाहे, पडते का काय म्हणून."

अशा माणसाच्या हातून चूक होते ती नेमकी त्याला काळजी वाटत नाही त्या दिवशी. जन्मभर ताक फुंकून प्यायचं आणि दूध मात्र घटाघटा, तसं नंदिनीचं झालं.

धरमपेठेत एका साड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर तिचं ऑफिस होतं. मालक हर्षित. व्यापाऱ्याचा मुलगा, स्वभावाने वाईट नव्हता, पण कोणतंही काम 'बस, दो दिन का' वाटणाऱ्यांपैकी. शिकवणी वर्ग, सोनार, पॅथॉलॉजी, जो येईल त्याला सॉफ्टवेअर बनवून द्यायचं हा धंदा. एक दिवस तिथे सिकलसेलचं काम करणारा ट्रस्ट आला आणि नंदिनीने न विचारताच ते काम आपल्याकडे ओढून घेतलं. हर्षितला आश्चर्य वाटलं. तिच्या घरच्यांना वाटलं नसतं.

सिकलसेल म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आजार. तो आईबापांकडून येतो. ज्याच्या अंगात अर्धाच उतरला तो वाहक. त्याला स्वतःला सहसा काही होत नाही, तो धडधाकट जगतो. पण दोन वाहकांचं लग्न झालं तर एखाद्या लेकराच्या वाट्याला पुरा आजार येऊ शकतो. नंदिनीचा थोरला भाऊ संघपाल त्यानेच गेला, शाळेत असताना. हातपाय दुखतात म्हणून रडायचा आणि घरचे त्याला कामचुकार म्हणायचे. आपण दोघंही वाहक आहोत हे सिंधूताई आणि तिचा नवरा विश्वनाथ यांना कळलं ते पोरगा गेल्यावर. नंदिनी वाहक निघाली, धाकटा धम्मदीपही. नंदिनीने जितेंद्रचा रिपोर्ट बघूनच लग्नाला होकार दिला होता. सिंधूताई पाहुण्यांना आधीच सांगून टाकायची, "आमच्यात पत्रिका नाई पाहत. रिपोर्ट पाहतो."

तर ट्रस्टची दोन कोठारं होती. कोठार म्हणजे डेटाबेस. एक शहरातल्या केंद्राचं, दुसरं शिबिरांचं, म्हणजे गाडी घेऊन खेड्यापाड्यांत रक्त तपासत फिरणाऱ्यांचं. दोन्ही वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या काळात बांधलेली, आणि दोन्हींवर आता एकच सॉफ्टवेअर चालायला हवं होतं. कोठारातून वस्तू काढून आणणारं जे कोड असतं त्याला रिपॉझिटरी म्हणतात. जुन्या कोडमध्ये रुग्णाची रिपॉझिटरी वेगळी, नमुन्याची वेगळी, निकालाची वेगळी. सगळीकडे तोच मजकूर, फक्त नाव बदललेलं. त्यात कोठारं दोन म्हटल्यावर सगळ्याचं दुप्पट. एकीकडे दुरुस्ती केली की दुसरीकडे राहून जायची, आणि नंदिनीच्या काळजीला आयता चारा मिळायचा.

तिने ते सगळं मोडून एकच क्लास, म्हणजे कोडचा एक साचा, लिहिला. जेनेरिक, म्हणजे सगळ्या वस्तूंना चालणारा. त्याला दोन गोष्टी सांगायच्या: काय आणायचं, आणि कोणत्या कोठारातून. कोठाराच्या या वाटेला त्या धंद्यात कॉन्टेक्स्ट म्हणतात. सांगितलं की क्लास मुकाट जाऊन घेऊन येणार. इतकं नीटस काम तिच्या हातून पूर्वी झालं नव्हतं. दुपारी डबा खाता खाता ती ते कोड उघडून नुसतंच बघत बसायची, नव्या सुनेने आपण मांडलेली मांडणी बघावी तसं.

त्यात तिने एक बारकी सोय ठेवली. कोणी कोठाराचं नाव सांगितलंच नाही, तर शहराचं धरावं. शहराच्या जुन्या स्क्रीन आधीपासून चालू होत्या, त्यांना हात लावायला नको, हे एक कारण होतंच. हर्षितही म्हणाला होता, "मॅडम, चलती गाडी को मत छेडो." पण खरं सांगायचं तर ती सोय कोराडीची होती.

कोराडीच्या वीज केंद्राच्या जुन्या कॉलनीत नंदिनी वाढली. वडील कोळशाच्या विभागात. तिथलं माणूस पत्ता सांगताना कॉलनीचं नाव घेतच नाही. 'बी-सत्तावीस' म्हटलं की संपलं. मागाहून नवी कॉलनी झाली, तिथेही बी-सत्तावीस आलंच. तशीच खोल्यांची मांडणी, तसाच हिरवा दरवाजा, राखेने तितकाच मळलेला. पण जुन्या कॉलनीवाल्याच्या तोंडून 'जुनी' हा शब्द काही निघायचा नाही. 'मी जेवलो' म्हणताना 'स्वतःच्या तोंडाने' असं कोणी सांगतं का? सिंधूताईचा मामा धोंडबा एकदा गावाहून आला तो नव्या कॉलनीच्या बी-सत्तावीसमध्ये शिरला आणि पोटभर जेवून, हात धुऊन झोपलासुद्धा. तिथल्या बाईला वाटलं नवऱ्याकडचा, नवऱ्याला वाटलं बायकोकडचा. मामाची तक्रार एवढीच, की पोळ्या चांगल्या होत्या पण भाचीचा पत्ता नव्हता. या गोष्टीवर नंदिनीच्या माहेरी वर्षानुवर्षं हसणं झालं. त्यातून कोणी काही शिकलं मात्र नाही, नंदिनीही नाही.

तिने क्लास तपासला, नाही असं नाही. पण शिबिरांचं खरं कोठार तेव्हा हाती आलं नव्हतं. म्हणून तिने शहराच्याच कोठाराची नक्कल काढून 'शिबिर' म्हणून वापरली. दोन्ही घरांत तोच माल. कोणत्याही दारातून गेलं तरी बरोबरच हाती येणार. सगळ्या चाचण्या हिरव्या झाल्या, म्हणजे पास. सॉफ्टवेअर सुरू झालं, शिबिरातल्या लोकांना निकालाचे मेसेज जाऊ लागले, ट्रस्टकडून शाबासकी आली. त्या दिवसांत नंदिनीने गॅसचं बटण एकदाच बघितलं आणि सरळ निघाली. जितेंद्र म्हणाला, "तब्येत बरी आहे ना?"

मग तो रविवार आला. धम्मदीपचं ठरत होतं. मुलगी रितिका, उमरेडकडच्या खेड्यातली, बी.एड. करणारी. मुलाकडचे एकदा तिकडे जाऊन आले होते, दोघं फोनवर बोलत होते, आणि धम्मदीपच्या चेहऱ्यावर संघपाल गेल्यापासून घराने न पाहिलेला उजेड होता. आज मुलीकडचे घर बघायला कोराडीला येणार होते, आणि मुलगी म्हणाली होती, मीपण येते. सिंधूताईने सकाळपासून सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, तळायला घेतली होती. लिंबू रंगाची साडी घडी करून कपाटात ठेवली होती. बोलणं जमलं की पोरीच्या ओटीत घालायची. नंदिनी सकाळीच आली होती, लॅपटॉपची बॅग घेऊनच. ती बॅग तिच्या खांद्याला जन्मल्यापासून असावी.

पाहुण्यांचा पत्ता नाही. शेवटी धम्मदीपचा फोन वाजला. पाहुणे नव्या कॉलनीच्या बी-सत्तावीससमोर उभे होते आणि तिथल्या बाई त्यांना आत या म्हणून आग्रह करत होत्या.

"आई, कॉलनी नव्हती सांगितली का तुनं?" धम्मदीपने विचारलं.

"बी-सत्तावीस सांगितलं ना मी," सिंधूताई म्हणाली. "आता का नकाशा काढून पाठवू?"

सगळे हसले. नंदिनीही हसली, पण हसता हसता तिच्या मनात काहीतरी अडकलं. काय ते तिला कळलं नाही. तिला सवय होती, तिच्या मनात नेहमीच काहीतरी अडकायचं.

पाहुणे आले. धोंडबामामाची गोष्ट पुन्हा सांगून झाली. रितिका मोकळी मुलगी होती, मान खाली घालून बसणारी नव्हे. सिंधूताईने विषय काढायच्या आत तिनेच रिपोर्टचं काढलं.

"आमच्या गावात शिबिर झालं होतं. तिथल्या मॅडमनं रक्ताचा थेंब नळीत टाकला अन् म्हणे, पाणी गढूळ झालं, मागची रेघ दिसत नाई, तुले शहरात बोलावतीन. मी तं घाबरूनच गेलती. मंग मेसेज आला, 'दोष नाही'. जीवात जीव आला माया."

"दुसऱ्यांदा तपासलं असंन मशीनवर," धम्मदीप म्हणाला आणि अभिमानाने बहिणीकडे बोट केलं. "अन् सॉफ्टवेअर कोणाचं हाये माहीत हाये का? आमच्या ताईचं!"

सगळ्यांनी कौतुकाने नंदिनीकडे पाहिलं. तिच्या हातात सांबारवडीची ताटली होती. दुसऱ्यांदा तपासलं असतं तर शहरात बोलावलं असतं. नळी गढूळ होती तर शिबिराच्या कोठारात 'दोष आहे' असंच लिहिलेलं असणार. मग 'दोष नाही' आलं कुठून?

दुसरं बी-सत्तावीस.

तिने ताटली खाली ठेवली. "रितिका, तुझ्या मेसेजवरचा नोंदणी नंबर दे गं जरा," ती म्हणाली. आवाज जमेल तितका सरळ ठेवला. नंबर घेऊन आतल्या खोलीत गेली, दार लोटलं आणि पलंगावर लॅपटॉप उघडला. पासवर्ड चुकला, पुन्हा चुकला. बाहेरून आईचं हसणं ऐकू येत होतं.

शिबिराच्या कोठारात त्या नंबरावर रितिका होती. निकाल: दोष आहे. शहराच्या कोठारात त्याच नंबरावर नागपूरचे कोणी म्हातारे गृहस्थ होते. निकाल: दोष नाही. दोन्ही कोठारांत मोजणी एकपासूनच सुरू झालेली. मेसेज पाठवणाऱ्या कोडमध्ये तिने रुग्णाला बोलावताना 'शिबिर' सांगितलं होतं आणि पुढच्याच ओळीत निकाल बोलावताना सांगायचं विसरली होती. क्लासने विचारलं नाही, कोणती कॉलनी? त्याला शिकवलंच नव्हतं विचारायला. तो शहरात गेला, म्हाताऱ्याचा निकाल उचलला आणि रितिकाच्या नावावर पाठवून दिला. चूक ओरडली असती तर बरं झालं असतं. ही तर मुकाट जेवून, हात धुऊन झोपली होती.

फक्त रितिका नव्हे. शिबिरातल्या प्रत्येकाला असाच दुसऱ्याचा निकाल गेला होता.

नंदिनीला आयुष्यभर ज्या हजार गोष्टींची भीती वाटली, त्यांतली एकही इतकी वाईट नव्हती. ती पलंगाच्या कडेवर बसली. मनात एक विचार आला, आणि तो तिचाच होता हे मान्य करायला हवं. आज गप्प बसावं. उद्या ट्रस्टला कळवावं, ट्रस्ट रितिकाला बोलावेल, आपोआप कळेल. आज कशाला? आज धम्मदीप हसतो आहे. पण बाहेर कपाटाचं दार वाजलं, आणि आई म्हणाली, "ये वं बाई, पुढं ये, पदर पसर."

नंदिनी दार ढकलून बाहेर आली. "आई, थांब."

सिंधूताईच्या हातात साडी होती.

"रितिकाला आलेला मेसेज चुकीचा आहे. तो तिचा निकालच नाही. तिची नळी गढूळ होती, तेच खरं आहे. पुन्हा तपासावं लागेल."

 रितिकाची आई उठून उभी राहिली. "सरळ नाई म्हणा ना. पोरीत खोट काहून काढून राहिले?"

"खोट नाही हो मावशी..."

"तुले नेहमी अभद्रच दिसते काहून वं?" सिंधूताई फिरली ती आपल्या पोरीवर. "आजच्या दिवशी? भावाच्या घरात?"

 धम्मदीप बहिणीकडे असा बघत होता की तिला ती नजर धरवेना. बोलली ती रितिका. "ताई, चूक मशीनची का तुमची?"

मशीनची, असं म्हणता आलं असतं. या धंद्यातले सगळे तसंच म्हणतात, आणि लोकही ते मानतात.

"माझी," नंदिनी म्हणाली.

"मंग पुन्हा तपासतो," रितिका म्हणाली आणि आईचा हात धरून तिला खाली बसवलं. पण चहा कोणी घेतला नाही.

नंदिनीने व्हरांड्यातून हर्षितला फोन लावला. तो म्हणाला, "अरे मॅडम, पहले चुपचाप ठीक कर दो, फिर सोचेंगे बताना है क्या." तिने फोन ठेवला आणि ट्रस्टच्या समुपदेशक कौशल्याबाईंना सगळं सांगून टाकलं. मेसेज तिथल्या तिथे थांबवले. दुसऱ्या दिवशी तिने क्लासमधली ती सोय काढली. आता कोठाराचं नाव सांगितल्याशिवाय क्लास तयारच होत नाही, कोड तिथेच अडतं. आणि दोन्ही कोठारांत मुद्दाम वेगळा माल भरून तिने चाचण्या पुन्हा लिहिल्या. हे सगळं एका दुपारचं काम होतं. तेवढंच आधी केलं असतं तर, हा विचार मात्र काही केल्या संपत नव्हता.

रितिकाची शहरात तपासणी झाली. ती वाहक निघाली. कौशल्याबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं की लग्न करायला कोणाची बंदी नाही, पोटातल्या बाळाची तपासणीही करता येते, निर्णय तुमचा. रितिकाने दोन दिवस घेतले आणि नाही म्हणाली. धम्मदीपने तिच्याशी वाद घातला नाही. फक्त बहिणीचा फोन उचलणं बंद केलं. सिंधूताई उचलायची, पण "जेवली का" एवढंच विचारून ठेवून द्यायची. नंदिनी आता गॅसचं बटण बघत नव्हती. घर जळायचं ते जळून गेलं होतं.

ज्यांना चुकीचे मेसेज गेले त्यांना पुन्हा तपासायचं होतं. फोन करून पाहिले. लोक म्हणत, आम्हाला एकदा चांगलं सांगितलं, आता पैसे उकळायला पुन्हा बोलावता, आणि फोन ठेवत. कौशल्याबाई म्हणाल्या, घरी जाऊन बसावं लागेल. नंदिनीने रजा टाकली. हर्षितने ती मंजूर केली, आणि वर ट्रस्टच्या गाडीचं डिझेल आपण भरतो म्हणाला. त्याचंही मन त्याला खात असावं. निघायच्या सकाळी ट्रस्टच्या दारात सिंधूताई उभी. कोराडीच्या पहिल्या बसने आली होती, डबा बांधून.

"आई, तू कशाला?"

"मी येतो," सिंधूताई म्हणाली आणि गाडीत चढून खिडकीशी बसली. वाटभर डबा मांडीवर धरून होती.

पहिल्याच घरी नवीन लग्नाचं जोडपं होतं. दारावरचं आंब्याच्या पानांचं तोरण सुकून लोंबत होतं. नवऱ्याने मोबाइल पुढे केला. "हे पाहा, 'दोष नाही' लिहिलं हाये. तुमचंच ना हे?"

"हो, आमचंच. म्हणजे काय झालं, की दोन डेटाबेस होते, आणि दोन्हींत नंबर..." नंदिनी सांगू लागली. नवऱ्याच्या कपाळावर आठ्या चढत गेल्या. बायको दाराच्या चौकटीशी उभी होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत.

"कुठून आले तुम्ही?" नवऱ्याने सिंधूताईला विचारलं.

"कोराडीहून. बी-सत्तावीस." सिंधूताई थांबली. "जुनी कॉलनी."

नंदिनीने आईकडे पाहिलं. आईने तिच्याकडे पाहिलं नाही. ती त्या पोरीजवळ गेली आणि उंबऱ्यावरच बसली.

"पोरी, मले एक लेकरू होतं. संघपाल नाव होतं त्याचं. पाय दुखते म्हणे, तं मी त्याले मारे. मले मालूम नव्हतं. त्याच्या बापालेबी नव्हतं. आमच्या दारावर सांगायले कोणी आलं नाई, बाई." तिने नंदिनीकडे हात केला. "हे आली. चूक करून आली, पण आली. हिनं सोताच्या भावाचं लगन मोडलं, तरी आली."

 कौशल्याबाईंनी पेटी उघडून सुई काढली. मुलीने नवऱ्याकडे पाहिलं, मग सिंधूताईच्या शेजारी उंबऱ्यावर बसली आणि बोट पुढे केलं.

"नाव सांग तुझं," नंदिनी म्हणाली. मग तिने पुढचंही विचारलं. "आणि गावाचंही सांग."